सगळी पानंच पानं

"काकू, काल तुमच्याकडे पिंपळगावचे पाहुणे आले होते ना? आमच्या द्राक्षाच्या वेलाकडे बघून हसत होते. मी गच्चीवरून पाहिलं."

"हसला नाही गं, माझा भाऊ तो. एवढंच म्हणाला, शेजारच्यांनी पालेभाजी लावलीय का?"

"म्हणजे हसलेच!"

"मग काय करेल? वेल गच्चीवर चढलाय, पोर्च झाकलाय, आणि मार्चमध्ये घड किती, तर हाताच्या बोटांवर मोजावेत. तेही बुलबुलांनी नेले."

"अहो, खत कमी पडू नये म्हणून यांनी पावसाळ्यात दोन ओंजळी युरियासुद्धा घातला होता."

"तिथंच तर घोडं पेंड खातंय. युरिया घातलास की तो पानांनीच मातणार. आणि दिवाळीच्या आधी तुमच्या माळ्याने काय केलं ते पाहिलंय मी. मेंदीचं कुंपण कापता कापता त्याच कात्रीने वेलही बुडापासून सपाट केला. थॉमसन जातीचा आहे ना तुमचा? त्याच्या काडीच्या बुडाकडच्या डोळ्यांत सहसा घड नसतो, तो असतो पुढे, पाचव्या-सातव्या डोळ्याच्या आसपास. माळ्याने नेमकं तेच उडवलं."

"मग फुलोरा न येता नुसतं रान माजलं, ते यामुळे?"

"अर्धं यामुळे. उरलेलं अर्धं आत्ताचं. हे बघ, फेब्रुवारीत जो घड लागायचा तो आदल्या उन्हाळ्यातच डोळ्यात धरतो. एप्रिलमध्ये छाटायचं, नवी काडी फुटते, आणि छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत त्या काडीच्या डोळ्यांचं ठरतं, घड की नुसता फुटवा. त्या दिवसांत ऊन हवं, लख्ख. ही खरड छाटणी. ऑक्टोबरात करतात ती गोडी छाटणी, ती फळाची. युरोपात थंडीने वेल आपणहून पानं टाकून झोपतो, म्हणून तिकडे एकाच छाटणीत भागतं. आपल्या नाशिकात त्याला झोप कसली? आपणच कात्री लावून नव्याने फुटवायचा."

"म्हणजे आत्ता कापायचा? या उन्हात? काकू, त्याच्याच सावलीत यांची गाडी असते. शिवाय सासूबाईंचा झोपाळा! त्या म्हणतात, चैत्रात कोणी हिरवा वेल कापतं का?"

"त्यांना म्हणावं, निफाडला चक्कर मारा. अख्खा तालुका कापतोय. बागेत बघावं तर खोड आणि ओलांडे, म्हणजे त्याच्या जाड आडव्या फांद्या, बाकी उघडंबोडकं. प्रत्येक काडी ओलांड्यापाशी एक डोळा राखून उडवायची. पंधरवड्यात फुटतं सगळं. मग गर्दीचे फुटवे खुडून टाकायचे आणि राहिलेल्या काड्यांचे सातव्या पानावर शेंडे मारायचे. दया दाखवलीस की संपलं. माझी आई म्हणायची, द्राक्षाला माया लावावी, पण कात्री हातात धरून."

"गेल्या वर्षी एक काडी कापली तर टपटप पाणी गळायला लागलं. सासूबाई घाबरल्या, वेल रडतो म्हणाल्या."

"मुळांचा जोर असतो तो. वाहू दे, थांबतं आपोआप."

"आणि ते पानांवरचं? वरून पिवळे तेलकट डाग, उलटं केलं की पांढरी बुरशी."

"केवडा. डाऊनी म्हणतात तो. वरच्या अंगाला राखेसारखी पावडर दिसली तर भुरी. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, पण कडक उन्हात मारू नको, पानं भाजतात. केवड्याला बोर्डो. त्याची गोष्ट ठाऊक आहे का तुला? फ्रान्समध्ये बोर्डोकडे रस्त्याने जाणारे-येणारे द्राक्षं चोरायचे. मग मळेवाल्यांनी रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद आणि चुन्याचं निळं-हिरवं पाणी शिंपडलं, विष वाटून कोणी हात लावू नये म्हणून. 1882 मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की केवड्याने सगळ्या मळ्याची पानं गळली, पण रस्त्याकडचे वेल हिरवेगार! 1885 मध्ये त्याने ते औषध म्हणून जाहीर केलं."

"म्हणजे चोरांमुळे औषध सापडलं! मग आपल्या कॉलनीतल्या पोरांचाही बंदोबस्त होईल."

"होईल की. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळं भिजव, प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या नको. एकत्र केल्यावर खिळा बुडवून बघायचा. त्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला. त्याच दिवशी फवारून मोकळी हो, उरलेलं ठेवू नको. आणि हे पावसाळ्यातलं काम, घड भरताना नाही. बाकी त्या मुंग्यांच्या रांगेकडे लक्ष ठेव. मुंग्या उगाच चढत नाहीत, खोडाच्या सालीखाली पिठ्या ढेकूण असणार. सुटी साल हाताने सोलून काढ."

"आणि जी चार द्राक्षं मिळाली ती किती आंबट! शिवाय बारीक."

"रंग दिसला की तोडता तुम्ही. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, जे काय गोड व्हायचं ते वेलावरच. बारीक म्हणशील तर थॉमसनचा मणी जात्याच लहान. बाजारातला फुगलेला दिसतो तो घड जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या पाण्यात बुडवलेला असतो. तू नुसती विरळणी कर. वेलावर घड थोडे ठेव, घडातले दाटीचे मणी काढ, खालचं शेपूट खुड. पाणी एकसारखं दे. आठ दिवस कोरडं ठेवून मग पाइप सोडलास तर मणी तडकणार. आणि भाऊजींना सांग, ते काडीचे डोळे फोडायचं औषध बागेतून कोणाकडून आणू नका. विषारी असतं, आणि ते हाताळल्यावर घोटभर दारू घेतली तरी माणूस आजारी पडतो."

"हे ऐकून तर ते नक्कीच नाही आणणार. पण काकू, एक विचारू? तुम्ही म्हणालात लख्ख ऊन हवं."

"हवंच."

"दुपारी बारानंतर आमच्या वेलावर सावली येते. तुमच्या आंब्याची. ती फांदी बघा, कुंपणाच्या इकडे किती आलीय."

"अगं, तिच्यावरच तर कैऱ्या आहेत! आंबे उतरले की छाटू ना."

"तोवर जून उजाडेल. घड धरायचे दिवस सावलीत जातील. तुम्हीच तर सांगितलंत."

"फांदी जुनी आहे गं. यांच्या वडिलांनी लावलेलं झाड."

"आणि दया दाखवली की संपलं, ते?"

"ते द्राक्षाला. आंब्याचं वेगळं असतं… बघ, सासूबाई आल्या तुझ्या. काय हो, ऐकलंत का सगळं?"

"ऐकलं. वेल आम्ही उद्याच कापतो. फांदी कापा नाही तर ठेवा, तुमची मर्जी. फक्त तिला आमचा झोपाळा टांगता येतो का, तेवढं बघा."