कोल्हापुरात पुन्हा मूकपट

प्रति,
मा. ऑटोप्लेबंदी साहेब,
मुक्काम पोस्ट : जगातल्या प्रत्येक ब्राउझरचा उंबरठा

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेअकराला इथल्या एका पतसंस्थेच्या सभागृहात आपण माझी जी शोभा केलीत, तिच्याबद्दल आभार मानायला हे पत्र लिहितोय.

राजारामपुरीतल्या दीड खोलीत बसून मी ई-लर्निंगचे कोर्स बनवतो. त्या दिवशी ‘ग्राहकाची ओळख आणि ओटीपीची फसवणूक’ या आमच्या कोर्सचं उद्घाटन होतं. ४२ कर्मचारी, सात संचालक, नारळ, हार आणि वरातीला भाड्यानं जाणारे दोन स्पीकर. म्हणजे ताकदीचा प्रश्न नव्हता. पडद्यावर हिरव्या साडीतल्या बाई आल्या, हात जोडले, ओठ हलवले. आवाज नाही. खाली अक्षरं सरकतायत, बाई हातवारे करून काहीतरी पोटतिडकीनं सांगतायत, आणि सभागृहात पंख्याची घरघर.

“बाई रुसल्या जणू!” अध्यक्ष म्हणाले. सगळं सभागृह हसलं.

मी टेबलाखाली शिरलो. वायर काढून घातली, अँप्लिफायरचं बटण फिरवून फिरवून हातात यायची वेळ आली. तोवर पहिली स्लाइड संपली आणि ‘पुढे’चं बटण राखाडीच राहिलं. ते तसं ठेवणारे आम्हीच. नाहीतर लोक धडाधड ‘पुढे’ दाबून दहा मिनिटांत सर्टिफिकेट काढतात, म्हणून आवाज संपल्याशिवाय ते उजळायचं नाही असं लिहून ठेवलंय. आता जो आवाज सुरूच झाला नाही, तो संपणार कसा? चहा घेऊन आलेल्या शिपायानं, सगळे स्पीकरकडे बघत असताना, सहज म्हणून पडद्यावरचा ‘पुन्हा ऐका’चा गोल बाण दाबला. त्याबरोबर बाई वरातीच्या आवाजात कडाडल्या, “नमस्कार!” माझं डोकं टेबलाला आपटलं ते वेगळंच.

साहेब, ज्या गावाला आपण मुकं केलंत ते कुठलं, याची कल्पना आहे का? बाबुराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ केला तो याच गावात. तो मुका होता, कारण तेव्हा पडद्याला वाचाच नव्हती. पुढं १९३२ साली प्रभातनं ‘अयोध्येचा राजा’ केला, तोही इथंच, पुण्याला बिऱ्हाड हलवायच्या आधी. मराठी चित्रपटाला कंठ फुटला तो कोल्हापुरात. त्यानंतर नव्वदेक वर्षांनी माझ्या बाई त्याच गावात ओठ हलवतायत आणि खाली पाट्या येतायत. आपल्या कायद्यात तर हे लिहूनच ठेवलंय : व्हिडिओ मुका असेल तर आपोआप चालायला पूर्ण मुभा. नाचा, रडा, हातवारे करा, तोंडातून शब्द काढायचा नाही.

आपलं घराणं मोठं आहे हे मान्य. २०१७ साली आपण सफारीत आलात, २०१८च्या एप्रिलमध्ये क्रोममध्ये, २०१९ साली फायरफॉक्समध्ये. म्हणणं सगळ्यांचं एकच : माणसानं पानाला बोट लावल्याशिवाय, क्लिक केल्याशिवाय आवाज नाही. क्रोमनं बंदी आणली तेव्हा वेबवरचे कितीतरी जुने खेळ रातोरात मुके झाले. गेमवाल्यांनी बोंब मारली, आणि महिन्याभरात त्यांच्यापुरती माघार झाली, वर्षअखेरपर्यंत का होईना. आमच्या पतसंस्थांची बोंब पंचगंगेच्या पलीकडं जात नाही.

तेही सोडा. कोर्स एका पत्त्यावर आणि त्याला पोटात घेऊन दाखवणारं पोर्टल दुसऱ्या पत्त्यावर असलं, तर माणसानं पोर्टलवर केलेलं क्लिक आत पोचत नाही. वाड्याच्या दिंडी दरवाज्यात हाक मारली, पण आतल्या खोलीला ती चालत नाही. दरवाज्यानं तशी चिठ्ठी आत द्यायला हवी, आणि ती द्यायला पोर्टलवाले विसरतात. हेही सोसलं.

मला झोंबलं ते दुसरंच. माझ्या लॅपटॉपवर हाच कोर्स महिनाभर खणखणीत बोलत होता. सोमवारी रात्री सुद्धा बोलला. का, तर तिथं मी त्याला हजारदा वाजवलं होतं, म्हणून आपली ओळख झाली होती. आपल्यातल्या थोरल्या क्रोमकडे तर या ओळखीची रीतसर वही आहे, मीडिया एंगेजमेंट इंडेक्स नावाची. माणूस कुठल्या साइटवर किती वेळा आला, त्यातल्या किती वेळा आवाज चालू ठेवून सात सेकंदांहून जास्त ऐकलं, तेव्हा ते पान समोर होतं का, व्हिडिओ पुरेसा मोठा होता का, सगळी नोंद. गुण भरले की पुढच्या खेपेला सरळ आत. आणि कोऱ्या ब्राउझरसाठी हजाराहून जास्त साइटींची तयार यादी सोबतच येते. त्या बड्या मंडळींना पहिल्या दिवसापासून बोलायची मुभा.

आता आमचा कोर्स बघा. पतसंस्थेतला क्लार्क तो वर्षातून एकदा करतो, तोही मार्च तोंडावर आल्यावर. वर्षातून एकदा दारात येणाऱ्याची ओळख कधी व्हायची? ज्याचं रोजचं येणंजाणं आहे त्याला खुर्ची, आणि कामापुरता आलेला बाहेरच्या बाकावर. ही रीत आम्हाला नवी नाही, कुठल्याही कचेरीत पाहतो. तिला आम्ही वशिला म्हणतो, तुम्ही इंडेक्स म्हणता. बरं, ही ओळख चालते ती फक्त संगणकावर. मोबाइलवर तिला काडीची किंमत नाही, आणि आमची निम्मी माणसं कोर्स मोबाइलवर करतात.

त्यातले एक काका पिग्मी एजंट आहेत. साठीला आलेले, रोज लूनावरून दुकानादुकानांत फिरून पिग्मी गोळा करणारे. बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठीच तर आम्ही सगळं बोलून ठेवलेलं. त्यांच्या मोबाइलवर बाई बोलल्या नाहीत. काकांना वाटलं, फोनच बिघडला. दुकानात जाऊन स्पीकर बदलून आणला. तीनशे रुपये. तरी बाई मुक्याच. मग त्यांनी मला फोन करून विचारलं, “सर, माझंच काय चुकतंय का ओ?”

काय सांगायचं त्यांना? काका, तुमचा फोन ठणठणीत आहे, दूरदेशी कुणी ठरवलंय की तुमची इच्छा तुम्ही बोट टेकवल्याशिवाय कळत नाही, आणि ते तुम्हाला सांगायची तसदीही कुणी घेत नाही? अडवायचं तर अडवा, पण अडवलंय म्हणून एक ओळ तरी दाखवा ना! ‘आवाज थांबवला आहे, ऐकायला इथं दाबा.’ एवढ्या एका ओळीनं काकांचे तीनशे रुपये वाचले असते. आपण मात्र लाल अक्षरात तक्रार लिहिता ती कन्सोलमध्ये, जिथं माझ्यासारख्याखेरीज कुणी डोकावत नाही.

आता थोडं खाजगीत. दोन-तीन वर्षांमागं वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं. रात्री दोन वाजता वऱ्हांड्यातल्या बाकड्यावर बसून मी जुन्या फोनवर बातम्या उघडल्या, आणि कुठल्याशा अ‍ॅपनं दागिन्यांची जाहिरात ढोल-ताशासकट सुरू केली. आतून कुणीतरी दचकून कण्हलं. फोन पोटाशी दाबून मी जिन्याकडं पळालो. अ‍ॅपच्या दारावर आपण नसता, पण ब्राउझरच्या दारात अशा कैक रात्री आपण वाचवल्या असतील, आणि त्यासाठी कुणी आपल्याला पत्र पाठवलं नसेल. दारावर उभं राहणाऱ्याला शिव्याच पडतात. आणि सांगायचं तर २०१४ साली मी केलेल्या पहिल्या कोर्सात प्रत्येक स्लाइडला सतार लावली होती. आपोआप. बंद करायचं बटण नव्हतं. ते मीच ठेवलं नव्हतं. साहेब, आपण दारावर उभे राहिलात ते माझ्यासारख्यांमुळेच. पण सतार वाजवली मी, आणि स्पीकर बदलला काकांनी.

असो. आम्ही शरण आलो आहोत. आता कोर्स उघडला की आधी नुसतं एक मोठं बटण येतं, ते दाबल्याशिवाय बाई पडद्यावर येतच नाहीत. आणि आवाज अडलाच, तर ‘पुढे’ची वाटही मोकळी ठेवलीय. बटणावर ‘सुरू करा’ लिहिणार होतो. अध्यक्ष म्हणाले, “त्यापेक्षा ‘बाई, बोला’ लिवा की.” तेच लिहिलंय.

आपला,
राजारामपुरीतला एक मुका

ता.क. : आवाज दिलेल्या बाई गारगोटीकडच्या शाळेत शिकवतात. खोलीत गाद्या टांगून, रिक्षांचे हॉर्न चुकवत त्यांनी तो पहिला ‘नमस्कार’ अकरा वेळा म्हटला होता. मंगळवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला, “नमस्कार बरा वाटला का हो लोकांना?” म्हटलं, बाई, सगळं सभागृह दचकलं.