नऊपासून सुरू होणारी बायको

मार्च 2020 मध्ये अमेरिकन सरकारने करोनाची मदत जाहीर केली. माणशी 1,200 डॉलर, मुलामागे 500. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींनी लगेच हिशेब मांडला. नवरा एच-वन-बी व्हिसावर, बायको त्याच्या आधारे मिळणाऱ्या एच-फोरवर, मुलगी जन्माने अमेरिकन, उत्पन्न दीड लाखाच्या आत. म्हणजे 2,900 डॉलर. खात्यात जमा झाले शून्य.

गुन्हा काय, तर नवरा-बायकोने एकत्र रिटर्न भरलं आणि बायकोकडे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता. तिला काही नाही, हे एकवेळ समजू शकतं. पण तिच्याशी लग्न केलं म्हणून त्यालाही नाही आणि तिच्या पोटी जन्मली म्हणून अमेरिकन मुलीलाही नाही!

एच-फोरवर नुसतं आलं की काम करता येत नाही. 2015 पासून काहींना परवाना मिळतो, तोही नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल एका टप्प्यापर्यंत सरकली तरच. परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि तो नाही म्हणून आयटिन, म्हणजे फक्त करापुरता नंबर. हाही नऊ आकडीच, फक्त पहिला आकडा कायम 9. तो मिळवायला पुण्याहून इंजिनिअर होऊन आलेली बाई डब्ल्यू-सेव्हन फॉर्म भरते आणि सोबत स्वतःचा मूळ पासपोर्ट पोस्टाने टेक्सासला, ऑस्टिनच्या करखात्याच्या कचेरीत धाडते. तेवढी छाती नसेल तर अधिकृत एजंटाला पैसे मोजते. मग सात आठवडे वाट बघायची, रिटर्नच्या हंगामात नऊ ते अकरा. सलग तीन वर्षं रिटर्नमध्ये वापरला नाही तर नंबर बाद. ही सगळी यातायात सरकारला कर भरता यावा म्हणून!

करोनाच्या कायद्यात एक पळवाट होती. दोघांपैकी एक जण सैन्यात असेल तर एकाचाच नंबर चालेल. डिसेंबर 2020 मध्ये ही मेहेरबानी बाकीच्या जोडप्यांवरही झाली; नंबरवाल्या जोडीदाराला आणि मुलांना मागचे पैसे पुढच्या रिटर्नमध्ये मागता आले. म्हणजे ‘दोघांचा’ खोडून ‘एकाचा’ लिहिणं अमेरिकन काँग्रेसला जमतं.

मग अर्न्ड इन्कम क्रेडिटच्या बाबतीत हात का थरथरतो? कमी पगारावर राबणाऱ्यांसाठी 1975 पासून चालत आलेली ही सवलत. तीन मुलं असतील तर 2025 साठी 8,046 डॉलरपर्यंत. 1996 च्या कायद्याने तिथे नवरा-बायको दोघांचेही सोशल सिक्युरिटी नंबर सक्तीचे केले, ते आजतागायत. (आपल्या एच-वन-बीवाल्यांचे पगार बहुधा या मर्यादेच्या वर, त्यामुळे दिवाळीच्या फराळाला हा विषय निघत नाही. तो निघतो हॉटेलच्या मोरीत आणि बांधकामावर.) बरं, वेगळं रिटर्न भरावं, तर वेगळं भरणाऱ्या विवाहितांना हे क्रेडिट नाही. 2021 पासून एक सवलत आहे: मूल अर्ध्याहून जास्त वर्ष तुमच्याजवळ हवं आणि वर्षाचे शेवटचे सहा महिने जोडीदारापासून वेगळं राहायला हवं. कुटुंबसंस्थेचे गोडवे गाणारं सरकार संसाराला लावतंय ती ही अट.

बायको वर्षातला बराच काळ परदेशात असेल तर आणखी गंमत. ती साताऱ्यात, मूल याच्याजवळ अमेरिकेत, घरखर्च याच्या माथी. अशा माणसाला ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून रिटर्न भरता येतं, कारण कायदा त्याला तेवढ्यापुरता अविवाहित धरतो. पण वर्षाच्या अखेरीस ती इकडे येऊन राहिली असेल, तर त्याच रिटर्नवर तो अर्न्ड इन्कम क्रेडिट मागायला गेला की म्हणतात, छे, तुम्ही तर लग्न झालेले!

जुलै 2025 च्या नव्या कायद्याने चाइल्ड टॅक्स क्रेडिट मुलामागे 2,200 डॉलर केलं. अट अशी, की मुलाचा नंबर हवाच, पण एकत्र रिटर्न भरणाऱ्या आईबापांपैकी एकाचा पुरे. म्हणजे एकाच रिटर्नवर, एकाच जोडप्याला, एका रकान्यात एक नंबर चालतो आणि दुसऱ्यात दोन लागतात.

यथावकाश बायकोला खरा नंबर मिळतो. पेढे वाटून झाले की कुणीतरी सुचवतं, मागच्या वर्षांचं क्रेडिटही मागून टाका. ती वाट 2015 मध्येच बुजवली आहे. ज्या वर्षीचं रिटर्न, त्याच्या मुदतीआधी नंबर हातात हवा. मागच्या वर्षांचा कर थकला असेल, तर मात्र तेव्हा नंबर कुठला होता याची कचेरीला फिकीर नसते.