लालावर काळं

कोट्यवधींची स्पोर्ट्‌स कार घेणं पुण्यात आता फारसं अवघड राहिलेलं नाही. तीर्थरूप बांधकाम व्यवसायात असले, पुनर्विकासाच्या दोन-तीन सोसायट्या पदरात असल्या आणि बँकेचा मॅनेजर आपण होऊन घरी चहाला येत असला, की गाडी दारात उभी राहते. अवघड असतं ते पुढचं. पेढे वाटून झाले, इन्स्टाग्रामवर फोटो पडले, सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट एकदा यथासांग घासून झालं, आणि मग बाणेरच्या एका चौदाव्या मजल्यावर चिरंजीवांना साक्षात्कार झाला, की आपली गाडी लाल आहे. लाल तर कुणाचीही असते. आपली मॅट ब्लॅक हवी.

त्या दिवसापासून त्या घरात दुसरा विषय नाही. पाण्याचे टँकर येतात-जातात, धाकटीची दहावी आहे, पण जेवणाच्या टेबलावर ठराव एकच. आम्ही पडलो शेजारी, त्यातून सदर लिहिणारे. त्यामुळे सल्ला द्यायला आम्हालाही बोलावणं आलं. सल्ला कुणी घेतला नाही. चहा मात्र उत्तम होता.

चिरंजीवांचा पहिला आरोप लाल रंगावर. लाल म्हणजे फेरारी आणि फेरारी म्हणजे पप्पांच्या पिढीचं स्वप्न. यात तथ्य आहे. पप्पांच्या पिढीने पहिली फेरारी पाहिली ती सचिनची. २००२ साली त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाटने त्याला ३६० मोडेना दिली, सिल्व्हरस्टोनला शूमाकरने किल्ली हातात ठेवली, आणि मग तिचं सीमाशुल्क माफ करावं की नाही यावर देशाने इतका घसा कोरडा केला, की शेवटी ते कंपनीने भरलं. एवढ्या गदारोळात गाडीच्या रंगाबद्दल एकाही माणसाने तक्रार केली नव्हती. शर्यतीच्या जगात लाल हा इटलीचा रंग, हिरवा ब्रिटनचा, निळा फ्रान्सचा. तेव्हा रंगाला देश असायचा. चिरंजीवांच्या रंगाला देश नाही, फॉलोअर आहेत.

तीर्थरूपांचा विरोध तात्त्विक नव्हता. रीसेलचं काय, एवढाच त्यांचा सवाल. काकांनी मात्र जुनी वही उघडली. मुंबईत त्यांचं आयुष्य गेलं. काळी गाडी म्हटली की त्यांचा हात आपोआप वर जातो. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात सेवेतून गेली, हे त्यांनी घरातलं माणूस गेल्याच्या सुरात सांगितलं आणि पुतण्याला विचारलं, “मग टपाला पिवळा मारणार का? गोरेगावपर्यंत भाडं मिळेल.”

यावर आम्ही आमच्याकडची माहिती पुरवली. अमेरिकेत १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळत असे. काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता, आणि सगळ्यांना एकच रंग दिला की कारखान्याची साखळी थांबत नाही. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी काळा हा ज्याला निवड परवडत नाही त्याचा रंग होता. आज त्याच काळ्यावरची चमक काढून घेतात आणि काढल्याचे जादा पैसे लावतात. पप्पांना हे धंद्याचं गणित मनापासून आवडलं. फ्लॅटमधली बाल्कनी काढून तिचेही जादा पैसे त्यांनी यापूर्वी लावलेले आहेत.

खरी अडचण चमकेची आहे. साध्या रंगावरचा क्लिअर कोट गुळगुळीत असतो, त्यावरून प्रकाश सरळ परततो, म्हणून गाडी चमकते. मॅटच्या कोटात सिलिकासारखी बारीक पूड घालून तो पृष्ठभाग डोळ्यांना दिसणार नाही इतका खडबडीत केलेला असतो. प्रकाश वाट फुटेल तिकडे पसरतो आणि गाडी निस्तेज दिसते. हजारो रुपये देऊन विकत घेतलेला तो खडबडीतपणा हाच सारा ऐवज. म्हणून ही गाडी पॉलिश करायची नाही. घासलं की तेवढी जागा गुळगुळीत होते आणि नेमका तेवढाच डाग चमकतो. मेण लावायचं नाही. गोल फिरणाऱ्या ब्रशांच्या वॉशिंगमध्ये घालायची नाही. चरा पडला तर तेवढ्यावर टचअप चालत नाही, अख्खं पॅनेल नव्याने रंगवावं लागतं. तेलकट बोट लागलं तर बोट दिसतं. कबुतराने कृपा केली तर ती उन्हात वाळायच्या आत, खास शाम्पूने, हलक्या हाताने, जवळजवळ क्षमा मागत धुवायची.

आता आमच्या सोसायटीत गाड्या धुणारा मुलगा पहाटे साडेपाचला येतो. एक बादली, एक फडकं, चाळीस गाड्या. त्याच फडक्याने तो आधी सेक्रेटरींच्या डिझेल गाडीची चाकं पुसतो. त्याला हे नियम समजावून सांगण्यात आले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे साहेब, चमकली तर पैसे कापणार?”

घरात या विषयाने खरा पेट घेतला तो आईंमुळे. त्या म्हणाल्या, “अरे, दसऱ्याला गाडीची पूजा करायची कशी?” प्रश्न बिनतोड होता. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, हळद वाहायची, अक्षता, झेंडूची माळ आणि वर नारळ फोडायचा. चकचकीत गाडीवरची हळद दुसऱ्या दिवशी पुसता येते. खडबडीत कोटात शिरलेली हळद पुढच्या दसऱ्यापर्यंत मुक्काम करते, आणि ती काढायला पॉलिश तर चालत नाही. चिरंजीवांनी गाडीऐवजी किल्लीची पूजा करावी असं सुचवलं. आई म्हणाल्या, “मग लग्नात नवरीऐवजी तिच्या पर्सवर अक्षता टाकू.”

पुढे त्यांनी कॅलेंडर काढलं. शुभकार्यात काळं चालत नाही. वर्षातून एकदा काळ्याला मान, तो संक्रांतीला. तेव्हा करायचंच असेल तर संक्रांतीला करू, म्हणाल्या. पहिलीच संक्रांत, म्हणजे हलव्याचे दागिने आले. दागिने आले म्हणजे बोरन्हाण आलं. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा सगळं बोनेटवर ओतायचं आणि सोसायटीतली पोरं वेचायला सोडायची, हा बेत ऐकल्यावर चिरंजीव जेवण अर्धवट टाकून उठले.

आजी तोवर गप्प होत्या. त्यांनी एकच शंका काढली. “दृष्ट लागू नये म्हणून बाळाला गालाच्या कडेला काळी तीट लावतात रे. आख्खं बाळ काळं करत नाहीत.”

मग नागपूरच्या मामांना फोन लागला. तिकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यामुळे उष्णतेच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात अंतिम मानतात. “काऊन रे बाप्पू, भट्टी घेतली का गाडी?” हा त्यांचा अभिप्राय. विज्ञान मामांच्या बाजूने आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी दोन सारख्याच होंडा सिव्हिक, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात तासभर उभ्या केल्या. काळीचं छप्पर चंदेरीपेक्षा २५ अंशांपर्यंत जास्त तापलं, आतली हवा पाच-सहा अंशांनी. चिरंजीवांनी एसी आहे असं उत्तर दिलं. एसी आहेच, पण त्यात बसायच्या आधी दाराच्या कडीला हात लावावा लागतो, हे मामांनी जाता जाता सांगून ठेवलं.

चिरंजीवांचे एक मित्र गाड्यांचा डिटेलिंग स्टुडिओ चालवतात. (पूर्वी याला गॅरेज म्हणत आणि तिथे कॉफी मिळत नसे.) ते टॅब्लेट घेऊन आले आणि त्यांनी काळ्याची परमावधी दाखवली. २०१९ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने एक्स६ ला व्हँटाब्लॅक जातीचा रंग दिला होता. ब्रिटनच्या एका कंपनीचा हा शोध; प्रकाशाचा नव्याण्णव टक्क्यांच्या घरातला भाग तो गिळून टाकतो. परिणाम असा झाला, की ज्या वळणांसाठी आणि उठावांसाठी डिझायनरांनी रात्री जागवल्या, ती सगळी नाहीशी होऊन गाडीच्या जागी गाडीच्या आकाराचं भोक दिसू लागलं. बीएमडब्ल्यूने तो रंग विक्रीला आणला नाही. याच काळ्याचे कलेपुरते हक्क २०१६ मध्ये एकट्या अनिश कपूर यांना मिळाले होते. कपूर मूळचे मुंबईचे. मुंबईच्या माणसाने अंधाराचाही सातबारा स्वतःच्या नावावर करून घ्यावा, यात आम्हाला तरी नवल वाटलं नाही. यावर चिडून स्टुअर्ट सेंपल नावाच्या ब्रिटिश चित्रकाराने एक भडक गुलाबी रंग बाजारात आणला आणि तो अनिश कपूर सोडून कुणालाही मिळेल असं जाहीर केलं. पप्पांनी हे ऐकून विचारलं, “गुलाबीला एफएसआय जास्त मिळतो का?”

मॅट काळ्याचं खरं गोत्र मात्र निराळं आहे. चमक मारणं ही लपणाऱ्याची गरज. लढाऊ विमानांना निस्तेज रंग देतात ते दिसू नयेत म्हणून, आणि २००५ च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मधली ती राक्षसी गाडी निस्तेज काळी होती कारण तिच्या मालकाला आपण कोण हे गावाला कळू द्यायचं नव्हतं. आमच्याकडे तोच रंग उलट्या कारणासाठी लागतो. अंधारात मिसळून जाणारी गाडी घ्यायची, तिला ‘दादा’ असं वाचता येईल असा नंबर लिलावात मिळवायचा, सायलेन्सर असा बसवायचा की पाषाणला चालू केली तर औंधला कुत्री उठावीत, आणि मग जंगली महाराज रस्त्यावर ताशी आठ किलोमीटरने, सर्वांनी नीट पाहावं म्हणून जायचं. ही हौस एकट्या चिरंजीवांची नव्हे. महिंद्राने २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाकणला तयार होणाऱ्या बीई ६ ची बॅटमॅन आवृत्ती सॅटिन काळ्या रंगात काढली. तीनशे गाड्या ठरल्या होत्या, मागणीमुळे ९९९ केल्या, आणि त्या १३५ सेकंदांत संपल्या. गॉथम शहराला एक बॅटमॅन पुरत होता. आम्हाला हजारात एक कमी लागतात, आणि तरीही सिग्नलवर कुणी थांबत नाही.

शेवटी तोडगा स्टुडिओवाल्यांनीच काढला. रंग नको, रॅप करा. विनाइलची काळी फिल्म गाडीवर चिकटवायची, कंटाळा आला की सोलायची, आत लाल जसाच्या तसा. पप्पांचा रीसेल वाचला, आईंना दसऱ्याला फिल्मवर हळद वाहायची मुभा मिळाली, आजींना तीट उतरवता येणार असल्याने त्यांचाही आक्षेप मिटला. निव्वळ कारागिरी म्हणून पाहिलं तर आमचंही मत हेच. चांगली गाडी कायमची रंगवून बिघडवण्यापेक्षा झाकलेली बरी.

सगळे उठत असताना आम्ही एक क्षुल्लक प्रश्न विचारला. आरसी बुकात रंग काय लिहिलाय? गाडीच्या नोंदणीत रंगाचीही नोंद असते. अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा तर आधी आरटीओला कळवावं लागतं, आणि नव्या रंगाची नोंद करून घ्यावी लागते. गाडी लाल लिहिलेली आणि समोर उभी काळी, तर पोलिसाने चोरीची समजून थांबवावी हे योग्यच. काही रंग तर मागूनही मिळत नाहीत. लष्कराचा ऑलिव्ह हिरवा खासगी गाडीला देता येत नाही. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी आणली. म्हणजे गाडी हवी तेवढी काळी करा, आत कोण बसलंय ते दिसलं पाहिजे.

टेबलावर शांतता पसरली. चार महिन्यांत लाल रंगावर, काळ्यावर, हळदीवर, बोरांवर, बॅटमॅनवर चर्चा झाली होती. आरसीचं नाव निघालं नव्हतं. पप्पा म्हणाले, “ते एजंट बघतोय.” चिरंजीव म्हणाले, “टेम्पररी आहे ना अजून.”

थट्टा इथे थांबवतो. १९ मे २०२४ च्या पहाटे याच शहरात, कल्याणीनगरला, एका पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. चाक सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात होतं, आणि त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला तो अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर. त्या गाडीची कायमची नोंदणीही झालेली नव्हती. गाडी विजेवर चालणारी, त्यामुळे करही माफ होता. राहिली होती फक्त १,७५८ रुपयांची फी. एवढी रक्कम मॅट गाडीच्या शाम्पूला लागते.

तेव्हा चिरंजीव, रंग लाल ठेवा नाही तर काळा करा. आधी आरसी दाखवा. मग लायसन्स.