तीन पात्यांचे सी किंग

सुटे भाग पुरवठादार महाशयांस,
राजूर कॉलरी, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ येथून साष्टांग नमस्कार.

आपले पार्सल पोचले. बाप्पांचे विसर्जन झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. खोक्यावरची चिठ्ठी पाहिली तर स्वारी आधी जालना जिल्ह्यातल्या राजूरला जाऊन आलेली. तिथला गणपती प्रसिद्ध आहे. आपल्या मालाला दर्शन घडले, आनंद आहे.

यंदा घरच्या गणपतीपुढे मे २०२१ च्या तौक्ते वादळाचा देखावा होता. मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला, तेव्हा पावणेदोनशेहून अधिक माणसे वाचवली गेली. त्या कामात युद्धनौकांच्या जोडीला नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरेही होती. आमच्याकडच्या सी किंगच्या जुन्या मॉडेलची पाती मोडलेली, म्हणून आपल्याकडे तीन गोष्टी मागवल्या: पाच पाती, माणूस वर ओढायची विंच आणि मागे लावायला खवळलेल्या समुद्राचे चित्र.

आपण पाती पाठवली तीन. सी किंगला वरच्या पंख्याची पाती पाच असतात. तीन असतात चेतक हेलिकॉप्टरला. फोनवर आपण म्हणालात, "फिरायला लागल्यावर कोण मोजतंय?" बिनतोड! विंच पाठवली ती डाव्या बाजूची. सी किंगची असते उजव्या दारावर, म्हणजे आपल्या हिशेबाने बुडणाऱ्याने पलीकडून पोहत यायचे. आणि समुद्राच्या जागी निघाला बर्फाच्छादित हिमालय. आमच्या गावाने कोळशाची काळी धूळ पाहिली आहे, चुनाभट्ट्यांची पांढरी पाहिली आहे, पण समुद्रही नाही आणि बर्फही नाही. आपल्याला वाटले असेल, यांना काय कळतंय!

उशिराबद्दल मात्र तक्रार नाही. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर नौदलाच्या सी किंगचे सुटे भागसुद्धा अडकले होते. हेलिकॉप्टर इंग्लंडच्या वेस्टलँडचे, पण मूळ रचना अमेरिकेच्या सिकॉर्स्कीची आणि निर्बंध अमेरिकेचे. तिथे अडवायला महासत्ता लागली. आपण ते काम एकट्याने केलेत.

आमचे कसे निभावले, ते सांगतो. पुतण्याने लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पाच पाती कापली. एकावर 'शुभविवाह' तसेच राहिले. विंच म्हणून आईच्या शिलाई मशीनची बॉबिन उजव्या दारावर चिकटवली, तिचा पांढरा दोरा खाली सोडला. आईची निळी साडी अंथरली, तिच्या चुण्यांच्या लाटा केल्या. रोज आरतीच्या वेळी पोट्टं बॉबिन फिरवायचं, मातीचा माणूस हेलकावे खात वर यायचा. दहा दिवसांत एकदाही पडला नाही. आरतीला जमलेल्यांपैकी निम्म्यांचे लक्ष बाप्पाऐवजी त्याच्यावर. पाती मोजणारेही दोघे निघाले, महाशय.

'उघडलेला माल परत घेतला जाणार नाही,' असे आपण बारीक अक्षरात छापले आहे, तेव्हा परतीचा आग्रह नाही. उलट ऑर्डर देतो. जून २०२१ मध्ये रेवदंड्याजवळ एमव्ही मंगलम जहाज बुडू लागले, तेव्हा तटरक्षक दलाच्या जहाजाने आणि चेतकांनी सोळाही जणांना सोडवले. पुढच्या वर्षी तो देखावा करू. तीन पाती आमच्याकडे आलेलीच आहेत, त्यांच्याखालचे चेतक तेवढे पाठवा. आजच निघू द्या. आणि खोक्यावर जिल्हा यवतमाळ ठळक लिहा, नाहीतर परत जालन्याला दर्शन.