पोटॅशियम कुठे लिहिलंय?

किडनीच्या पेशंटला भेटायला येताना शहाळं आणू नका. ही विनंती मी बरेच दिवस नम्रपणे करत होते, आता तक्रार म्हणून करते. माझ्या सासूबाईंची किडनी निम्म्याहून अधिक निकामी झाली आहे आणि त्यांचं पोटॅशियम वाढतं. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात साधारण 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे मध्यम आकाराच्या केळ्यापेक्षाही जास्त. पण इस्पितळाच्या फाटकासमोरच शहाळ्यांची गाडी असते आणि आत येणारा नातलग तिथे थांबल्याशिवाय राहत नाही. माणूस प्रेमाने आणतो, म्हणून नको म्हणताना फार जड जातं. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय!" धडधाकट किडनी खाण्यातलं सुमारे 90 टक्के पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते, म्हणून बाकीच्यांना काही होत नाही. ते काम मंदावलं की ते रक्तात साठतं. रक्ताच्या एका लिटरमध्ये ते 3.5 ते 5 मिलिमोल असावं. साडेसहाच्या पुढे गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि त्याआधी पेशंटला काही जाणवेलच असं नाही. आणायचंच असेल तर सफरचंद आणा.

शहाळं नाकारलं की दुसरा सल्ला तयार असतो. भरपूर पाणी पाजा, सगळं धुऊन निघेल. लघवीच कमी होत असेल तर ते पाणी जाणार कुठे? पायावर सूज येते, धाप लागते. उलट्या-जुलाब झाले किंवा उन्हाने अंगातलं पाणी आटलं तर मात्र किडनी आणखी मंदावते आणि पोटॅशियम चढतं, म्हणजे पाणी तोडूनही चालत नाही. लघवी किती होते आणि सूज किती आहे ते पाहून डॉक्टर माप ठरवून देतात. आमच्याकडे ते सकाळी तांब्यात भरून ठेवतात. घरी आलेल्या माणसाने "आई पाणी फारच कमी पितात हो" असं त्यांच्यासमोर म्हणू नये. तहान मारून बसलेल्या म्हातारीला ते ऐकवत नाही.

आता मिठाबद्दल. रक्तदाब असलेल्या घरांत हल्ली कमी सोडियमचं मीठ येतं आणि ते वापरणारे लोक ते इतरांनाही मनापासून सुचवतात. त्यात कमी केलेल्या सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण किडनीचा विकार असलेल्यांना त्यातून स्पष्टपणे वगळलं. ही दुसरी अर्धी गोष्ट आमच्यापर्यंत पोहोचवायला कोणी येत नाही. किराणा दुकानात चष्मा लावून पाकीट उलटं करायचं आणि घटकांच्या यादीत पोटॅशियम हा शब्द शोधायचा, हे काम माझं.

माझी सगळ्यात मोठी तक्रार याच पाकिटांशी आहे. आपल्याकडच्या नियमांनुसार पाकिटावर ऊर्जा, प्रथिनं, साखर, स्निग्धांश, सोडियम छापावं लागतं. पोटॅशियमची सक्ती नाही. अमेरिकेने 2016 च्या नियमांत ते सक्तीचं केलं. आम्हाला सांगतात दिवसाचं पोटॅशियम मोजा, आणि मोजायचा आकडा कोणीच छापत नाही. लोक किडनीचे पेशंट झाल्यावर हे शोधत बसतात, तेव्हा नियम करणाऱ्यांनी एक ओळ वाढवावी, एवढंच मागणं आहे.

आहाराचा जो कागद हातात मिळाला त्यात अव्होकाडो आणि किवी वर्ज्य होते. दोन्ही आमच्या घरात कधी आले नाहीत. अळू, सुरण, शेंगदाणे, खजूर, चिंच यांचा उल्लेख नव्हता. उपवासाबद्दल अवाक्षर नाही, आणि सासूबाई संकष्टी सोडत नाहीत. साबुदाण्यात पोटॅशियम जवळजवळ नसतंच, पण नुसता साबुदाणा कोण खातं? त्यात बटाटा पडतो, दाण्याचं कूट पडतं, वरून ओलं खोबरं, शेजारी रताळ्याचा कीस. किडनीच्या पेशंटच्या दृष्टीने उपवासाचं ताट रोजच्या भात-भाजीपेक्षा अवघड आहे, आणि हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक आहारतज्ज्ञाने कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहायला हवं.

बटाटा पूर्ण सोडावा लागतो असंही नाही. सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं. त्यातलं पोटॅशियम निम्म्याच्या आसपास उतरतं. गार पाण्यात नुसता भिजवून फारसं काही होत नाही. अख्खा, सालासकट कुकरला लावला तरी नाही. मी पाणी मोरीत ओतते तेव्हा शेजारच्या काकू हटकून म्हणतात, "अगं, त्यातच सगळं सत्त्व असतं." काकू, मला तेच काढून टाकायचं आहे. पालेभाजीचंही तसंच, आणि चव गेली म्हणून सासूबाई दोन घास कमी खातात, त्याचं मला वाईट वाटतं.

एवढं सांभाळून रक्त द्यायला जावं तर तिथे दंडाला पट्टा करकचून बांधतात आणि "मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा" म्हणतात. मूठ अशी सारखी वळवल्याने नमुन्यातलं पोटॅशियम खोटं वाढतं. नमुना नीट हाताळला नाही, तर तांबड्या पेशी फुटून त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि तेही रिपोर्टात चढतं. एकदा आकडा 6.1 आला. आम्ही डाळ तोडली, फळ तोडलं, बाईंना दोन दिवस जवळजवळ उपाशी ठेवलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावलं तर 4.9. पहिला रिपोर्ट नीट पाहिला तेव्हा दुसऱ्या पानाच्या तळाशी 'हिमोलाइज्ड' असा एक शब्द होता. तो लॅबवाल्यांनी आकड्याच्या शेजारी छापावा आणि नमुना फुटलाय असं फोन करून सांगावं. फोन नंबर त्यांनी आमच्याकडून तीन वेळा लिहून घेतलेला असतो.