स्ट्रेचर ॲडमिट झालंय!

सायरन ऐकू आला की आपण आरशात बघतो, गाडी चार बोटं डावीकडे घेतो आणि गंगेत न्हाल्यासारखं वाटतं. मग रुग्णवाहिका पुढे गेली की तिच्याच मागोमाग, मोकळ्या झालेल्या वाटेनं, आपणही सुटतो.

पण त्या रुग्णवाहिकेचं पुढे काय होतं?

परवा एका सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीबाहेर तासभर ताटकळायची वेळ आली. समोर १०८ची गाडी. मागची दारं सताड उघडी, आत स्ट्रेचरच्या जागी नुसते रूळ. पायलट (१०८मध्ये ड्रायव्हरला पायलट म्हणतात) पायरीवर बसलेला.

म्हटलं, "काय भाऊ, बिघाड?"

"गाडी ठणठणीत आहे साहेब. स्ट्रेचर ॲडमिट झालंय."

आत खाट रिकामी नव्हती. रुग्ण ज्यावर आला त्यावरच राहिला, सलाइनही तिथंच लागलं. सही झाली, कागद पूर्ण. स्ट्रेचर ओलीस.

महाराष्ट्रात ही १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली. तेव्हाची योजना ९३७ गाड्यांची: २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, ७०४ बेसिक. हे आकडे सगळ्यांना पाठ. पण आजच्या किती गाड्यांची स्ट्रेचरं या क्षणी कुठल्या व्हरांड्यात खाट होऊन पडलीत?

ते कुणी विचारत नाही.

इंग्लंडमध्येही रुग्णालयांबाहेर रुग्णवाहिकांच्या रांगा लागतात. पण तिथं रुग्ण ताब्यात घ्यायला १५ मिनिटांचं लक्ष्य आहे आणि ते चुकलं की पेपरात बोंब होते. आपल्याकडे अशी बोंब ऐकलीत कधी? म्हणजे चुकत नसणार.

स्पाइन बोर्डाची (कणा ताठ ठेवणाऱ्या फळीची) गत आणखी न्यारी. कण्याला इजा असेल तर एक्स-रे होईपर्यंत रुग्णाला त्यावरून हलवायला कुणी धजत नाही, म्हणजे बोर्डही आतच राहतो. म्हणून या बोर्डावर जाड मार्करनं गाडीचा नंबर लिहिलेला, लग्नातल्या पातेल्यावर नाव घालतात तसा. शेजारणीकडे गेलेलं पातेलं निदान चार करंज्या घेऊन परत येतं. बोर्ड परत येतो तो पट्टे गमावून.

ऑक्सिजनचं गणित तर पोरगंही करील. लहान सिलिंडर, भरलेलं असलं तर, साधारण दीड हजार लिटरचं. मिनिटाला दहा लिटर सोडा, अडीच तासांत खडखडाट. ते भरून मिळेपर्यंत गाडीत हवा कशात? सायरनमध्ये.

मग धुणं. वापरलेल्या सुया पांढऱ्या डब्यात, फुटक्या काचा निळ्यात, नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळीत. नियम २०१६चे आणि चोख. गादीवर हायपोक्लोराइटचं पाणी फिरवायचं आणि दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं. लगेच कोरडं पुसलं तर जंतू नुसते आंघोळ करून ताजेतवाने. पण पाचव्याच मिनिटाला पुढचा कॉल आला तर? पलीकडे कुणाच्या तरी छातीत कळ आलेली असते. तुम्हीच सांगा, थांबायचं की निघायचं?

२०१९च्या दुरुस्तीपासून रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रस्त्यात अर्धं मिनिट अडवली तर गुन्हा.

कॅज्युअल्टीत तासभर अडवली तर कामाचा ताण.

शेवटी स्ट्रेचर आलं. चादर आली नाही. पायलटनं गाडीतून बादली काढली, आवारातल्या नळावर भरली, फडका पिळला. तेवढ्यात फोन वाजला. फडका बादलीत, बादली आत, दारं बंद.

पुढच्या वेळी नातेवाईक म्हणून आत धावलात, तर "डॉक्टर कुठायत?" विचारून झाल्यावर आणखी एक विचारा: "खाट कुठाय?" बाहेर मागची दारं उघडी टाकून एक गाडी थांबलेली असते.