पणमावशी

आमच्या वाचनमंडळात पुस्तक आवडणाऱ्यांची एक बाजू असते, न आवडणाऱ्यांची एक असते आणि तिसरी पणमावशींची. ही तिसरी बाजू आधी ठरलेली नसते. समोरचा काय म्हणतो ते नीट ऐकून घ्यायचं आणि तिथून उलट्या दिशेनं चालू पडायचं, असा त्यांचा शिरस्ता आहे. तुम्ही 'छान' म्हणालात की कपाळावरचा चष्मा नाकावर येतो, "छान आहे, पण..." तुम्ही 'कंटाळवाणं' म्हणालात की नाकावरचा चष्मा कपाळावर जातो, "कंटाळा आला असेल तुम्हाला, पण..." हे नाव त्यांना माहीत आहे आणि मान्यही आहे. मान्य आहे, पण मावशी म्हणण्याइतकं आपलं वय झालंय असं त्यांना वाटत नाही.

नोकरी टेलिफोन खात्यात झाली. ट्रंककॉल जोडून द्यायच्या. दोन्ही टोकांची बोलणी कानावर पडायची, त्यामुळे एका बाजूचं ऐकून मत बनवत नाही मी, असं त्या सांगतात. माझं निरीक्षण असं की दोन्ही बाजूंचं ऐकूनही त्या मत बनवत नाहीत. दोन्ही बाजूंना तेवढं हलवून ठेवतात.

हे सगळं लख्ख दिसलं ते लिसा सी या अमेरिकन लेखिकेच्या 'स्नो फ्लॉवर अँड द सीक्रेट फॅन' या कादंबरीच्या वेळी. २००५ सालचं पुस्तक. एकोणिसाव्या शतकातला चीन, हुनान प्रांताचा दक्षिणेकडचा जिआंगयोंग भाग. लिली ही शेतकऱ्याची पोर आणि स्नो फ्लॉवर ही वरच्या घरातली, निदान तसं सांगितलेली. मध्यस्थ बाई दोघींची आयुष्यभराची मैत्री जुळवून देते, चक्क करार करून. मग बायकांच्याच लिपीत, पंख्याच्या घड्यांवर, दोघी एकमेकींना निरोप लिहितात. लग्नं होतात, मुलं होतात, एकीचं घर वर जातं, एकीचं खाली येतं, आणि एका निरोपाचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे सगळं मोडतं. ऐंशीची झालेली लिली हे सांगते आहे.

बैठक चौथ्या मजल्यावरच्या वहिनींकडे होती. वहिनींनी सुरुवातीलाच जाहीर केलं की शेवटची तीस पानं त्यांनी रडत वाचली. चष्मा नाकावर आला.

"रडण्यासारखं आहे, पण मला एक सांगा, ही मैत्री म्हणायची का? साल, तिथी, भावंडं, पावलांचं माप, आठ गोष्टी जुळवून बघितल्या आणि मग मैत्रिणी झाल्या. आमच्या लग्नात सुद्धा एवढं पाहिलं नव्हतं."

वहिनींचा डोळे पुसायला घेतलेला रुमाल हातातच राहिला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्यांना हे पुस्तक सहनच झालं नाही. पाय बांधण्याचा भाग त्यांनी पानं उलटून टाकला. सहा-सात वर्षांच्या मुलींची अंगठा सोडून बाकीची बोटं तळव्याखाली दुमडायची, पट्ट्यांनी आवळायची, आणि हाडं मोडेपर्यंत त्याच पायांवर चालायला लावायचं. लिलीची धाकटी बहीण त्यातच जाते. एवढं सविस्तर लिहायची गरज काय? जन्म ऑपरेशनं करण्यात गेलेली बाई हे म्हणत होती. चष्मा वर गेला.

"गरज नसेल, पण तुम्ही तीच पानं गाळली ना? मग पुढं काही कळणार कसं? पट्ट्या आवळतेय कोण? आई. मारतेय कोण? आई. आणि का, तर पाऊल जितकं लहान तितकं घर चांगलं मिळणार. लिली म्हातारपणी अशी कडक का, हे त्या पानांत आहे. पुढची अडीचशे पानं तुम्ही उगाच वाचलीत."

इथं हे सांगायला हवं की मावशींनी पुस्तक दोनदा वाचलं होतं. पहिल्यांदा आवडलं नाही म्हणून दुसऱ्यांदा. त्यांची प्रत मी हातात घेऊन पाहिली आहे. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर, त्यामुळे पाठीमागं एक जुना ऑगस्ट. समासात पेन्सिलीनं 'खोटं', 'हे बरोबर', 'आधी का नाही सांगितलं?' आणि एका ठिकाणी, मध्यस्थ बाई मादाम वाँग पहिल्यांदा बोलते तिथं, 'हिच्यावर लक्ष ठेवणे'. मंडळात बाकीच्यांची पुस्तकं आणल्यासारखीच परत जातात.

मंडळात माझ्याशिवाय पुरुष एकच, आम्ही काका म्हणतो ते. इतिहास त्यांच्याकडे असतो. ते म्हणाले की ऐतिहासिक कादंबरी म्हणून ही फारच तोकडी. तायपिंगचं बंड १८५० ते १८६४, चौदा वर्षं चाललं, दोन कोटींच्या वर माणसं मेली, बंडाचा पुढारी स्वतःला येशूचा धाकटा भाऊ समजत होता. आणि लेखिकेनं या सगळ्याला काय दिलं, तर एक डोंगर! बायका पळून डोंगरावर जातात, थंडीत कुडकुडतात, मुलं दगावतात, खाली उतरतात. संपलं बंड.

मावशींनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. बशीतला वडा संपवला.

"आकडे बरोबर असतील तुमचे, पण त्या बाईला दिसणार काय? माडीवरची खोली, तिला एक खिडकी, तीही जाळीची. पाय असे की अंगण ओलांडायची पंचाईत. तिच्यापर्यंत बंड जेवढं आलं तेवढं तिनं सांगितलं. तुम्हाला राजा हवा होता कादंबरीत. राजा असलेल्या कादंबऱ्या काय कमी आहेत?"

काकांनी चहा मागितला.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की मावशी पुस्तकाच्या बाजूच्या झाल्या. वहिनींनाही वाटलं. त्या उत्साहानं म्हणाल्या, "आणि ती गुप्त लिपी! किती सुंदर कल्पना ना?" झालं.

"कल्पना नाही, खरी आहे ती. नूशू. पण गुप्त कसली? पुरुषांपासून लपवली असं पुस्तकात फार बोंबलून सांगितलंय. अहो, बायका त्यातलं मोठ्यानं गायच्या. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवरीला मैत्रिणींच्या वह्या यायच्या, त्या चारचौघींत वाचल्या जायच्या. घरातले पुरुष बहिरे होते का? त्यांनी कधी वाचायला मागितलंच नाही. बायका काहीतरी खरडतात म्हणून सोडून दिलं."

मला स्वतःला या पुस्तकावर ऐकलेलं हे सर्वांत नेमकं मत वाटतं. पण ते मी तिथं बोललो नाही, कारण बोललो असतो तर त्यांनी ते ताबडतोब मागं घेतलं असतं. पुढं त्यांनीच माहिती दिली, की लहानपणापासून ती लिपी लिहिणाऱ्या शेवटच्या आजीबाई, यांग हुआनयी, २००४ च्या सप्टेंबरात गेल्या, वय अठ्ठ्याण्णव. "आणि पुस्तक आलं पुढच्या वर्षी. एक वर्ष आधी काढायला काय झालं होतं?" यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

आता राहिल्या बाई. बाई म्हणजे मावशींची शाळेपासूनची मैत्रीण, गणित शिकवून निवृत्त. दोघी एकाच रिक्षातून येतात, समोरासमोर बसतात, कडाकडा भांडतात आणि एकाच रिक्षातून जातात. 'पण' म्हणायची बाईंना गरज नसते, त्या सरळ 'चूक' म्हणतात.

"चूक," बाई म्हणाल्या. "पुस्तकाचा प्रश्न एकच आहे. लिलीला पंख्यावरचा निरोप कळला नाही. उच्चारावरून लिहायची लिपी, एका खुणेचे चार अर्थ निघतात. तिनं घेतला वाईटातला वाईट. वाटलं, हिनं दुसऱ्या मैत्रिणी केल्या. एकदा विचारायचं ना जाऊन? ते नाही. भर बायकांत त्या स्नो फ्लॉवरची लक्तरं काढली, तिनं विश्वासानं सांगितलेलं सगळं गाऊन दाखवलं. मला ही लिली अजिबात आवडली नाही."

"पण विचारायचं कशाला?" मावशींचा चष्मा आता नक्की कुठं होता ते मला आठवत नाही. "एवढ्या वर्षांची मैत्रीण! तिला कळायला नको, हिला काय वाटेल ते? लागलं तिच्या मनाला. मनाला लागलं की माणूस विचारायला जात नाही."

"हो, नाही जात. मुंजीच्या वेळी तू तेच केलंस."

"मुंजीचा काय संबंध?"

"आमंत्रण फोनवर केलं म्हणून तुला राग. घरी येऊन अक्षत दिली नाही म्हणून. अगं, माझा पाय प्लास्टरमध्ये होता!"

"ते मला कुणी सांगितलं होतं?"

"विचारलंस का?"

हुनान प्रांत मागं पडला. पुढचा पाऊण तास आम्ही त्या मुंजीत होतो. कोण आलं, कोण आलं नाही, भिक्षावळीच्या लाडवांत कुणाचा हात होता, सगळं निघालं. काकांनी तारखा विचारून पाहिल्या, त्यांना गप्प बसवण्यात आलं. डॉक्टरीणबाईंनी हा भाग मात्र एकही पान न गाळता ऐकला.

पुस्तकावरचा निकाल लागायचा राहिलाच. म्हणून वहिनींनी पुढच्या महिन्यात सिनेमा लावला. वेन वँग यांनी २०११ साली केलेला. मावशी पहिली वीस मिनिटं काही बोलल्या नाहीत, हे अघटितच. पडद्यावर आजचं शांघाय, आजच्या दोन मैत्रिणी, ऑफिसं, मोटारी. पुस्तकात यातलं काही नाही. थोड्या वेळानं ह्यू जॅकमन आला आणि चिनी भाषेत गाऊ लागला.

"हा कोण?" मावशी उठून उभ्या राहिल्या. "हा कुठून आला? माडीवरची खोली कुठाय? मादाम वाँग कुठाय? त्या बाईनं एवढं जीव ओतून लिहिलं आणि या लोकांनी पार वाटोळं केलं!"

वहिनींचा चेहरा उजळला. "म्हणजे मावशी, पुस्तक तुम्हाला आवडलं होतं!"

"असं मी कुठं म्हटलं?"

"मला गाणं आवडलं," बाई म्हणाल्या.

खाली रिक्षा उभी होती. मी दोघींच्या पिशव्या आत ठेवत होतो. मावशी अजून सिनेमावर चिडलेल्या होत्या, आणि त्या रागाच्या भरात कुठून कुठं गेल्या कोण जाणे, म्हणाल्या, "आणि त्या लिलीला एकदा जाऊन विचारायला काय झालं होतं गं?"

"विचारायचं कशाला?" बाई सरकून बसल्या. "मनाला लागलं होतं तिच्या."